थोरल्या साडूंची सशर्त जीप

जगात जिथं जिथं निवडणुका होत नाहीत तिथं तिथं त्या व्हाव्यात म्हणून मनापासून झुरणारा एकच माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला, आणि तो माणूस म्हणजे आमचे थोरले साडू. आता ज्याला झुरायचंय त्यानं खुशाल झुरावं, आपल्या बापाचं काय जातं? पण साडूंचं झुरणं आम्हा सगळ्यांच्या मुळावर यायचं. कारण पंचक्रोशीत कुणाकडे नव्हती अशी एक वस्तू त्यांच्याकडे होती. जीप! लष्करानं मोडीत काढलेली आणि साडूंनी लिलावात घेतलेली, मागं एक ट्रॉली जोडलेली. खड्ड्यातून गेली की बसणाऱ्याचं डोकं छताला लागायचं आणि थांबवली तरी थोडी पुढं जाऊनच थांबायची. पण होती ती जीप! कृष्णेकाठच्या त्यांच्या मळ्यात, उसाच्या कडेला, चिंचेखाली ती उभी असायची आणि गावातल्या प्रत्येकाला कधी ना कधी तिची गरज पडायचीच. मग तो बिचारा टोपी सारखी करत साडूंच्या ओट्यापुढं उभा राहायचा, आणि साडू बशीतला चहा संपवून, मिशा पुसून, त्याला एकच प्रश्न विचारायचे. "निवडनूक घेतलीया का?"

माझ्या बायकोची थोरली बहीण म्हणजे अक्का, आणि हे अक्काचे यजमान. मी माधवनगरच्या एका कापडगिरणीत कारकून. साहेबानं नुसती मान वर करून पाहिलं तरी मी खुर्चीतून उठून उभा राहायचो. साडू मात्र लष्करातून हवालदार-ड्रायव्हर होऊन आलेले, छातीत नगारा बसवल्यासारखा आवाज. रविवारी ते आमच्याकडे आले की आधी पेपर मागायचे. गावातल्या, जिल्ह्यातल्या, अगदी दिल्लीतल्या बातम्यांकडेसुद्धा ढुंकून न बघता थेट आतल्या पानावर जायचे, जिथं परदेशातल्या बातम्या बारीक अक्षरात कोपऱ्यात कोंबलेल्या असतात. अमक्या देशात लष्करानं सत्ता घेतली, तमक्या देशाला धान्याची मदत मंजूर. एवढं वाचलं की त्यांचा चेहरा लालबुंद. "बघा पावनं! त्या गड्यानं पाच वर्सं मतपेटी बघितली न्हाई, आन त्याला गव्हाची जहाजं! काय म्हनावं ह्यास्नी?" मी आपला "खरं आहे, खरं आहे" म्हणत बायकोला आणखी चहा टाकायची खूण करायचो. देशांना ते 'गडी' म्हणत. हा गडी बरा हाय, त्यो गडी लबाड हाय. एखाद्या देशाच्या जनरलसाहेबानं निवडणूक पुन्हा पुढं ढकलली, की आमच्या घरी साडूंना त्या दिवशी जेवण गोड लागायचं नाही. श्रीखंड असलं तरी.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते आफ्रिकेत. निळी टोपी घालून आपले जवान शांततेसाठी परदेशी गेले होते, त्यात साडूही होते. तिथं त्यांच्याकडे पिठाची पोती वाहून न्यायचं काम. पोत्यावर हातात हात दिल्याचं चित्र, पीठ पांढरंशुभ्र. बंदरावरून भरायचं आणि एका बड्या साहेबाच्या गोदामात उतरवायचं. साहेबाच्या छातीवर पदकंच पदकं, सगळी त्यानं स्वतःलाच दिलेली. आणि गोदामाच्या तारेच्या कुंपणाबाहेर बायाबापड्या, पोरं, हातात डबे घेऊन उभी. पोती आत जायची आणि बाजारात निघायची. साडूंनी एकदा आपल्या सुभेदाराला विचारलं, ह्या साहेबाला निवडून दिलं कुणी? सुभेदार म्हणाला, कुणीच नाही. "त्या दिशी डोक्यात उजेड पडला, पावनं," असं ते सांगायचे. पुढं बहात्तरचा दुष्काळ पडला, आपल्याकडे परदेशातली लाल मिलो ज्वारी आली, दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांना पोटाला आधार म्हणून सुकडी वाटली गेली, तेव्हा साडू मुद्दाम कामावर जाऊन सुकडीच्या पातेल्यात डोकावून आले. "बगा, पोचली का न्हाई? आपल्यात एक पोतं फुटलं तर सरपंचाला घाम फुटतोय. का? पुढल्या साली मतं मागाया दारात यायचंय त्याला!" हे मात्र मला त्यावेळीही पटलं होतं आणि आजही पटतं.

पण माणसानं पटलेल्या गोष्टीलासुद्धा काही लगाम घालावा की नको? साडूंनी ठरवलं, बड्या राष्ट्रांना अक्कल येईल तेव्हा येईल, आपण आपल्या जीपेपासून सुरुवात करू. ज्या घरात, ज्या मंडळात, ज्या तालमीत कारभारी निवडून आलेला नाही, तिथं जीप जाणार नाही. बाळंतीण आणि साप चावलेला माणूस एवढ्या दोघांनाच सूट. बाकी सगळ्यांनी आधी मतदान घ्यायचं. गावात एका घरी लग्न निघालं आणि वरातीला जीप हवी म्हणून सगळ्या घरानं झक मारत मतदान केलं, तर नवरदेवाचा चुलता बाजूला पडून ऐंशी वर्षांची आजी निवडून आली. तिनं पहिला हुकूम काय सोडला? बँडबाजा रद्द. पोरं कपाळाला हात लावून बसली. साडू मात्र जाम खूश. "लोकांचा कौल हाय, मान्य करा," म्हणाले आणि नवरा-नवरीला घेऊन जीप चिडीचूप वेशीतून गेली. माझ्या घरी तर वेगळीच तऱ्हा. गावाकडची ज्वारी आणि शेंगा माधवनगरला आणायच्या होत्या, म्हणून आम्ही नवरा-बायकोनं मतदान घेतलं. दोन मतदार, दोन उमेदवार. प्रत्येकी एक मत! साडूंनी गंभीरपणे सांगितलं की स्पष्ट बहुमत असल्याशिवाय जीप येणार नाही. पोती एसटीच्या टपावरून आली, आणि आमच्या घरात ते काळजीवाहू सरकार पुढं कित्येक वर्षं तसंच चाललं.

सगळ्यात कहर झाला तो भजनी मंडळाच्या वेळी. मंडळाला कराडला भजनाच्या स्पर्धेला जायचं होतं. आता मंडळाचा अध्यक्ष कोण, तर ज्याच्या मालकीची पेटी तो. असं वर्षानुवर्षं चाललेलं. साडू म्हणाले, पेटी असली म्हणून काय झालं, निवडणूक घ्या. घेतली. पण एकानं दोनदा मत दिल्याचा बोभाटा झाला, तेव्हा साडूंनी फेरमतदान जाहीर केलं आणि बोटाला शाई लावायचं ठरवलं. कितीही धुतली तरी न जाणारी शाई खेड्यात आणायची कुठून? साडूंचं डोकं चाललं. परीट कपड्यांवर खुणा कशानं करतो? बिब्यानं! आणि या गृहस्थांनी प्रत्येक मतदाराच्या डाव्या हाताच्या बोटाला बिब्याचं तेल टोचलं. ठिपका काळाभोर बसला, पेटीवालाच पुन्हा निवडून आला, टाळ्या झाल्या, मंडळी जीपेत बसून कराडच्या वाटेला लागली. अर्ध्या वाटेत खाज सुटली. कराड येईपर्यंत बिबा असा काही उतला की एकेकाची बोटं केळ्यासारखी! पखवाजवाल्याला डावा हात ठेवता येईना, पेटीवाल्याला भाता ओढता येईना, टाळकरी टाळ काखेत मारून बोटं वर धरून उभे. परीक्षकांनी विचारलं, हा काय प्रकार? तर मंडळाचे अध्यक्ष रडवेल्या आवाजात म्हणाले, "आमच्यात लोकशाही झालीया, सायेब." त्यानंतर गावानं आठवडाभर बोटांना खोबरेल लावलं आणि साडूंना शिव्या घातल्या. साडू घरोघर खोबरेलाची बाटली घेऊन फिरले, प्रत्येकाचं बोट स्वतः चोळलं, आणि वर म्हणाले, "शाई मात्र गेली न्हाई बगा."

असा हा माणूस. चीड यावी आणि लगेच हसू यावं. पण एका ठिकाणी मात्र हसू थांबायचं, ते म्हणजे मेढ्याला. मेढा ही आम्हा दोन्ही साडूंची सासुरवाडी. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. मामा म्हणजे डोंगरी भागातला जुन्या खोडाचा माणूस. घरात साखर किती आणायची इथपासून कोणत्या गाईचं नाव काय ठेवायचं इथपर्यंत सगळं तेच ठरवणार. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. मिरजेला नेऊन ऑपरेशन करायचं एवढीच गोष्ट. पण एसटीत बसलं की मामांना घाटात ओकाऱ्या व्हायच्या, आणि भाड्याची गाडी करू म्हटलं तर मिशा थरथरायच्या. "जावयाच्या दारात जीप असताना मी भाड्याच्या गाडीतनं जाऊ? गाव थुकंल माझ्या तोंडावर!" आणि जावई काय म्हणत होते? जावई म्हणत होते, आधी मेढ्याच्या घरात निवडणूक.

यात्रेला आम्ही सगळे मेढ्याला जमलो होतो तेव्हा हा विषय निघाला. मामा सोप्यात बसले होते. साडूंनी मुद्दा मांडला. मामा म्हणाले, "माझ्या घरात माझ्याम्होरं उभा ऱ्हाईल कोन? आन उभा ऱ्हायला तर रातच्याला जेवंल कुठं?" साडू म्हणाले, "ह्योच तर मुद्दा हाय, मामा." मी मध्ये पडून म्हटलं, अहो, डोळ्याचं आजारपण आहे, सूट द्या की. त्यावर साडूंनी मलाच समजावलं. "बाळंतीन ही तातडीची मदत. मोतीबिंदू ही विकासाची मदत. डाक्टरच म्हनत्यात, पिकू द्या." मामा ताडकन म्हणाले, "मग पिकू दे. तुझ्या जीपेत बसायचं न्हाई मला." आणि बोलता बोलता त्यांनी किटलीतला चहा कपात ओतला. कपात कसला, कपाच्या शेजारी. चहा घोंगड्यावरून वाहत गेला तरी मामा ओततच होते. अक्का उठली, पदरानं घोंगडं टिपलं, त्यांच्या हातातली किटली हळूच काढून घेतली आणि दुसरा कप भरून त्यांच्या हातात दिला. साडू खाली मान घालून बसले होते. मला वाटलं, आता विरघळतात. पण नाही. माणूस एकदा जगासाठी नियम करून बसला की त्याला स्वतःला सुद्धा बाहेर यायची वाट राहत नाही.

त्यांच्या गोठ्यात भिंतीवर जगाचा एक नकाशा चिकटवलेला होता. ज्या देशात निवडणुका होतात त्याला हळदीचा टिळा, होत नाहीत त्याला शेणाचा. म्हशींची धार काढता काढता साडू जगाचा आढावा घ्यायचे. आपल्या देशावर त्यांनी असा काही हळदीचा मळवट भरला होता की खालचं काही दिसायचं नाही. आणि मग आणीबाणी आली. लोक आधी दबक्या आवाजात बोलायला लागले, मग बोलायचेच बंद झाले. पुढच्या वर्षी लोकसभेची निवडणूक व्हायची ती लांबणीवर पडल्याची बातमी आली, तेव्हा मी योगायोगानं मळ्यातच होतो. साडूंनी बातमी दोनदा वाचली. या खेपेला ती आतल्या पानावर नव्हती. ते गोठ्यात गेले. बोटावर शेण घेतलं, नकाशापुढं उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. मग बोट धोतराला पुसलं, नकाशा भिंतीवरून काढला, घडी करून कणगीमागं ठेवला. बाहेर येऊन ताडपत्री घेतली आणि जीप झाकून टाकली. "आता कुनाला काय तोंडानं इचारू, पावनं? आपल्याच घराला दार न्हाई," एवढंच बोलले. बाळंतीण आणि साप सोडले तर ताडपत्री निघेना. गावातल्या लोकांना वाटलं होतं की शर्त गेली की जीप मिळेल. इथं शर्तीबरोबर जीपही गेली!

त्या पावसाळ्यानंतर मेढ्याहून मेव्हण्याचा निरोप आला की मामा उंबऱ्याला अडखळून पडले, कपाळाला खोक पडली, आणि डॉक्टर म्हणतात, आता आणखी थांबलात तर डोळा हातचा जाईल. मी तसाच एसटीनं मळ्यात गेलो आणि ओट्यावर बसलेल्या साडूंना हे सांगितलं. आतून अक्का आली. अक्का फार बोलणारी बाई नव्हती. तिचं सगळं बोलणं भाकरीच्या थापटण्यात. पण त्या दिवशी पिठाच्या हातानंच बाहेर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आवं, सगळ्या गावाला इचारता. ह्या घरात कवा झाली निवडनूक?"

साडूंच्या हातातली बशी हातातच राहिली. मी म्हटलं, आता होतोय आगडोंब. साडूंनी बशी खाली ठेवली, अक्काकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सावकाश म्हणाले, "मुद्दा बरोबर हाय."

दुसऱ्याच दिवशी मतदान ठरलं. उमेदवार दोन, साडू आणि अक्का. मतदार पाच. साडूंची म्हातारी आई, ते दोघं, वर्षाच्या बोलीनं राहिलेला गडी आणि त्याची बायको. "ह्या घरचं अन्न खात्यात, त्यास्नी मत पायजेच," हे साडूंचंच म्हणणं. बाहेरचा माणूस म्हणून निवडणूक अधिकारी मी. देशात कुठं निवडणूक नाही आणि मी, सरकारी माणूस दिसला की रस्ता बदलणारा मी, या मळ्यात निवडणूक घेतोय! माझी तर गाळण उडाली होती. त्यात गावात फिरतीवर आलेला पोलीस बरोबर त्याच वेळी ओट्याशी हजर. "काय चाललंय?" मी म्हटलं, सत्यनारायण. साडू म्हणाले, "निवडनूक." पोलिसानं सगळं ऐकून घेतलं, काठी कोपऱ्यात उभी केली, आत शिजणाऱ्या शिऱ्याचा वास घेतला आणि म्हणाला, "मग बंदोबस्त नगं का?" आणि दारात खुर्ची टाकून बसला.

साडूंचा आग्रह, की दोन्ही उमेदवारांची भाषणं झालीच पाहिजेत. त्यांनी सुरुवात केली ती थेट आफ्रिकेच्या बंदरावरून. पीठ, साहेब, पदकं, कुंपण, सगळं झालं. शेवटी म्हातारी म्हणाली, "आरं आवर, धारा ऱ्हायल्यात," तेव्हा कुठं ते बसले. अक्का उठली. पदर खोचलेला, नजर खाली. "मला भाशान येत न्हाई. एवढंच इचारते. त्या सायबानं पोती खाल्ली, ती त्याची लबाडी. तुमी पोतं अडवलं म्हनून त्यो उपाशी मरतोय व्हय? मरतोय त्यो कुंपनाभायेर डबा घेऊन उभा असल्याला. माझा बा आडमुठा हाय, हाय म्हनते मी. पन आता त्यो कुंपनाभायेर उभा हाय. त्याला दिसंना झालंय." एवढं बोलली. ती तशीच आत निघून गेली. पोलिसानं टोपी काढून उगीचच तिच्या आत पाहिलं. मी आयुष्यात पुष्कळ पुढाऱ्यांची भाषणं ऐकली, पण असं नेमकं एकही ऐकलं नाही.

मतदान असं: आतल्या खोलीत दोन वाट्या, एकीत जोंधळे, एकीत हरभरे. साडूंना मत द्यायचं तर जोंधळ्याचा दाणा, अक्काला द्यायचं तर हरभऱ्याचा. दाणा मुठीत झाकून फडकं बांधलेल्या तांब्यात टाकायचा. बोटाला कपड्यांची नीळ, कारण बिब्याचं नाव काढताच गडी पळायच्या बेतात आला होता. एकेक जण आत जाऊन आला. म्हातारी बाहेर आल्यावर साडूंनी हळूच विचारलं, "आये, कुनाला?" म्हातारी उसळली. "मतदान गुपित असतंय म्हनून तूच शिकिवलंस न्हवं? मग?" मी सगळ्यांसमोर तांब्या परातीत उलटा केला. चार हरभरे आणि एक जोंधळा. अक्का निवडून आली! आणि जो काही हशा उसळला! तो गडी, त्याची बायको, पोलीस, म्हातारी, सगळे साडूंकडे बोट दाखवून, "सवताचं तरी पडलं! सवताचं तरी पडलं!" साडूही हसले. मग उठले, टाचा जुळवून अक्काला कडक सलाम ठोकला. "हुकूम?" अक्का म्हणाली, "मेढा." साडूंनी विचारलं, "शर्त?" "कसली शर्त? माझा बा हाय त्यो."

ताडपत्री निघाली. मी आणि साडू त्याच घडीला मेढ्याला निघालो. सातारा मागं पडला, डोंगर जवळ यायला लागले, साडू शीळ घालत गाडी हाकत होते. हरलेला उमेदवार इतका खुशीत मी कधी बघितला नव्हता. मध्येच त्यांनी शीळ थांबवली. "पावनं, एक सांगू? त्यो जोंधळा माझा न्हवता." मी म्हटलं, म्हणजे? "मी हरभरा टाकला. आवं, मलाबी जायचं हुतं की मेढ्याला. त्या दिशी म्हाताऱ्यानं च्या भायेर वतला, तवापास्नं घास ग्वाड लागला न्हाई मला. पन माझाच नियम मला आडवा. मोडला असता तर गावाला काय तोंड दावलं असतं? तवा म्हनलं, सरकारच पाडावं." आणि खो खो हसले. मी विचारलं, मग तो एक जोंधळा कुणाचा? साडूंचा आवाज एकदम मऊ झाला. "आईचा. दुसरं कोन देनार मला? कवा मायेच्या एका शबुदानं बोलली न्हाई, पन मत दिलं बगा लेकाला."

मेढ्याला मामांनी जीपेचा आवाज ओळखला. दारातच म्हणाले, "कुनाच्या हुकमानं आलास?" साडू म्हणाले, "तुमच्या लेकीच्या. ती निवडून आलीया." मामांनी ते पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग पटका मागितला, बांधला, आणि कुणाचा हात न धरता चाचपत येऊन पुढच्या सीटवर बसले. मिरजेपर्यंत जिथं गाडी थांबेल तिथं दिसेल त्याला, म्हणजे न दिसेल त्याला, सांगत होते, "माझी लेक निवडून आलीया." अक्काही मिरजेला आली, ऑपरेशन झालं. डोळ्यांवरची पट्टी सुटली, जाड भिंगांचा चष्मा आला. मामांनी पहिल्यांदा अक्काकडे बघितलं आणि नुसते बघतच राहिले. मग साडूंकडे वळून म्हणाले, "तू येवढा म्हातारा कवा झालास रं?" आणि त्यांनी साडूंचा हात जो धरला तो बराच वेळ सोडला नाही. पुढं देशातही निवडणूक झाली. मामा स्वतःच्या डोळ्यांनी चिन्ह बघून मत देऊन आले आणि शाईचं बोट सगळ्यांना दाखवत हिंडले. गोठ्यातला नकाशा भिंतीवर परत आला, हळदीच्या मळवटासकट. जीपेची शर्त मात्र परत आली नाही. अक्काचं सरकार पुढं कधी पडलंच नाही. मागेल त्याला जीप मिळायची, साडू चालवायचे. वाटेत आफ्रिका ऐकून घ्यावी लागायची एवढंच.

पुढं मामा गेले, साडूंची आई गेली, जीप चिंचेखाली बसली ती बसलीच, तिच्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या. साडूंना कानानं कमी ऐकू यायला लागलं. पण आईच्या श्राद्धाच्या दिवशी ते तिच्या फोटोपुढं न चुकता मूठभर जोंधळे ठेवायचे. त्या एका मतासाठी. का ते कुणाला सांगायचे नाहीत, आणि मला ठाऊक आहे म्हणून माझ्याकडे बघून डोळा मिचकवायचे. अशाच एका श्राद्धाला मी स्वयंपाकघरात अक्काशी बोलत बसलो होतो. तिनं बाहेर ओट्यावर पाहिलं आणि म्हणाली, "सासूबाईंचा न्हवता त्यो जोंधळा, पावनं. माझा हुता." मी पाट जवळ ओढला. "एवढं आफ्रिकेपास्नं भाशान केलं मानसानं, आन आपल्याच घरात एकबी मत पडू नये व्हय? बरं दिसतंय का ते?" मग भाकरी उलटवत हळूच हसली. "तांब्या उपडा झाला आन एकच जोंधळा निघाला. त्यो तर माझा. तवाच कळलं मला, ह्यांनी मला मत दिलंया." मी म्हटलं, अक्का, इतकी वर्षं त्यांना सांगितलं का नाहीस? ते आईचं समजून बसलेत. तिनं भाकरी तव्यावरून काढली. "ऱ्हाऊ द्या की. आईनं दिलं म्हनून किती बरं वाटतंय त्यास्नी. आन मतदान गुपित असतंय."

आता दोन्ही उमेदवार या जगात नाहीत, म्हणून ते गुपित सांगायला हरकत नाही. त्या दिवशी मात्र मी ते पोटातच ठेवलं. पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर ओट्यावर आलो. आईच्या फोटोपुढचे जोंधळे साडूंनी मुठीत घेतले होते आणि अंगणात चिमण्यांना टाकत होते. ऐकू कमी येत असल्यामुळे त्यांचं स्वतःशी बोलणंही मोठ्यानं व्हायचं. चिमण्या लांबूनच बिचकत होत्या, आणि साडू त्यांना समजावत होते, "या, या, खावा. निवडनूक न्हाई घ्याया लावत."